सतत नवं सुचणं आणि अर्ध्यावर सोडणं: एक्स्ट्राव्हर्टेड इंट्यूशनबद्दल थोडं सविस्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताई 27 वर्षांच्या आहेत, बँकेत नोकरी करतात, नेटवरच्या फुकट व्यक्तिमत्त्व टेस्टमध्ये त्यांचं ईएनएफपी (स्वभावाच्या सोळा टाइपांपैकी एक) आलंय आणि तिथून वाचत वाचत त्या 'एनई' म्हणजे एक्स्ट्राव्हर्टेड (बहिर्मुख) इंट्यूशनपर्यंत पोचल्यात. त्यांचं म्हणणं असं की डोक्यात कायम काहीतरी नवं चालू असतं, जर्मनचा क्लास लावला तो ए-टूला, म्हणजे दुसऱ्या पातळीला सुटला, मैत्रिणीबरोबर पॉडकास्ट सुरू केला तो चार भागांवर थांबला, आता यूएक्स डिझाईन (ॲप, वेबसाइट वापरायला सोपी करण्याचं काम) शिकायचं मनात आहे, आणि आई म्हणते तुझी ही धरसोड कधी थांबणार. तर हे सगळं एनईमुळे होतंय का, एनई आणि एनआय (अंतर्मुख इंट्यूशन) यात फरक कसा ओळखायचा, आणि नोकरी सोडून यूएक्सकडे जावं का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी करिअर आणि व्यक्तिमत्त्व समुपदेशनाचं काम करतो, टाइप थिअरी, म्हणजे माणसांच्या स्वभावाचे प्रकार मांडणारी पद्धत, बरीच वर्षं वापरतोय, आणि एनई या एका फंक्शनबद्दल (फंक्शन म्हणजे मनाची काम करायची एक तऱ्हा) जितके गैरसमज ऐकलेत तितके दुसऱ्या कशाबद्दल ऐकले नाहीत, म्हणून उत्तर लांब होईल.

एनई म्हणजे भरपूर आयडिया येणं, क्रिएटिव्ह असणं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. आयडिया सगळ्यांना येतात हो. हिशेबात मुरलेल्या अकाउंटंटला टॅक्स वाचवायच्या अशा अशा वाटा सुचतात की आपण बघत राहावं, आणि तो माणूस एनईवाला असेलच असं अजिबात नाही. एनई ही मुळात बघायची पद्धत आहे. समोर एखादी गोष्ट आली की लक्ष त्या गोष्टीवर टिकत नाही, त्यातून पुढे काय काय निघू शकतं, ती कशाकशाला जोडता येईल, तिकडे पळतं, आणि हे आपोआप होतं, माणूस ठरवून करत नाही. तुम्हाला वाटतं सगळेच असं बघतात. नाही बघत. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा धक्काच बसतो.

ही कल्पना आली कुठून ते सांगायला हवं, कारण त्यातून पुढचं बरंच सुटतं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंगने 1913 मध्ये म्युनिकच्या परिषदेत टाइप्सवर पहिली मांडणी केली तेव्हा त्याच्याकडे अंतर्मुख आणि बहिर्मुख एवढीच जोडी होती, आणि अंतर्मुख म्हणजे विचाराने चालणारा, बहिर्मुख म्हणजे भावनेने चालणारा असं तो जवळपास धरूनच चालला होता. इंट्यूशनला त्या चित्रात जागाच नव्हती. ती नंतर आली, आणि 1921 मध्ये 'सायकॉलॉजिकल टाइप्स' आलं त्यात युंगने तळटीप देऊन सांगितलंय की हा इंट्यूटिव्ह टाइप असतो हे शोधण्याचं श्रेय मारिया मोल्त्झर यांचं आहे. मोल्त्झर झुरिचमध्ये त्याच्याबरोबर काम करणाऱ्या डच बाई. टाइप थिअरीवर तासन् तास बोलणाऱ्या लोकांना त्यांचं नाव माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी ते आवर्जून घेतो.

तर शेवटी युंगने चार फंक्शन्स धरली. थिंकिंग आणि फीलिंग ही निवाडा करणारी, सेन्सेशन आणि इंट्यूशन ही नुसती टिपणारी. टिपणाऱ्यांना त्याने इरॅशनल म्हटलं, आणि लोकांना वाटतं की तो त्यांना बिनडोक म्हणतोय, पण त्याचा अर्थ एवढाच की ती तर्काने ठरवून होत नाहीत, जे येतं ते येतं. सेन्सेशन सांगते की समोर काहीतरी आहे, इंट्यूशन सांगते की ते कुठून आलं असेल आणि कुठे चाललंय. आणि युंगचं एक निरीक्षण मला कामात रोज दिसतं, की ही दोन्ही एका वेळी नीट चालत नाहीत. वस्तूतून पुढे काय होईल ते दिसत असताना वस्तू स्वतः कशी आहे ते नीट दिसत नाही. तुमची किल्ली, चष्मा, आधार कार्ड कुठे ठेवलंय हे ऐन वेळी आठवत नसेल तर त्याचं एक कारण इथे असू शकतं.

बहिर्मुख इंट्यूशनवाल्या माणसाबद्दल युंगने जे लिहिलंय ते आजही वाचताना अंगावर येतं. स्थिर झालेल्या, सगळ्यांनी मान्य केलेल्या गोष्टींपाशी हा माणूस सापडणार नाही, जिथे काहीतरी अजून कोंबात आहे तिथे सापडेल. नवीन गोष्ट तो प्रचंड उत्साहाने धरतो, आणि तिचा आवाका कळला, आता यातून वेगळं काही निघणार नाही असं दिसलं, की तितक्याच थंडपणे सोडतो, मागे वळूनही बघत नाही. व्यापारी, कंत्राटदार, एजंट, राजकारणी यांच्यात असे लोक बरेच, असं तो म्हणतो. आणि त्याने शेताचं उदाहरण दिलंय, की हा पेरणी करतो आणि पीक यायच्या आत दुसऱ्या शेताकडे निघतो, कापणी भलतेच लोक करतात, आणि याच्या हातात शेवटी काही राहत नाही. 1921 मध्ये लिहिलेलं आहे हे. तुमच्या आईचं म्हणणं आणि युंगचं म्हणणं यात फार अंतर नाही, फक्त युंगने सोबत हेही सांगितलंय की हा माणूस नसता तर बऱ्याच गोष्टी सुरूच झाल्या नसत्या, आणि दुसऱ्यांमध्ये उत्साह आणि हिंमत जागवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं. माझ्याकडे एसटीची जुनी पंच केलेली तिकिटं आहेत, ती पातळ कागदाची, कंडक्टर ट्रेमधून फाडून द्यायचा आणि पंचने भोकं पाडायचा ती. सेशनमध्ये कधीकधी मी त्यातलं एक टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, याच्याबद्दल बोला काहीही. ही टेस्ट नाहीये हं, यावरून मी कोणाचा टाइप ठरवत नाही, पण बोलणं कुठून कुठे जातं ते ऐकण्यासारखं असतं. एका मुलीने तिकीट उचललं, दोन सेकंद बघितलं आणि सुरू झाली. ही भोकं म्हणजे डेटाच ना, कोण कुठे चढलं आणि कुठपर्यंत गेलं, म्हणजे तेव्हाची सगळी तिकिटं कोणी साठवली असती तर कोणत्या गावातून कोणत्या गावाला माणसं का जातात याचा नकाशा झाला असता, आणि अय्या, याचा लहान मुलांसाठी खेळ होईल, भोकं मोजून बेरीज करायची, आणि ब्रेलसुद्धा असंच असतं ना, हाताला लागणारं, तर अंध प्रवाशांना तिकिटावर स्टॉप कळेल असं काही करता आलं असतं का, आणि कंडक्टर पंच टिकटिक वाजवत यायचा तो आवाज म्हणजे एक प्रकारचं नोटिफिकेशनच... ती बोलत होती आणि तिकीट केव्हाच टेबलावर परत गेलं होतं. थांबल्यावर मी तिकिटावर हात ठेवला आणि विचारलं, रंग कोणता होता? तिला सांगता येईना. अंदाजे गुलाबी म्हणाली, होतं हिरवट.

तेच तिकीट दुसऱ्या एका काकांनी हातात घेतलं तर ते लगेच त्यांच्या मामाच्या गावी गेले. सुट्टी लागल्यावरची गाडी, खिडकीजवळची जागा, तिकीट हरवू नये म्हणून आजी ते रुमालाच्या गाठीत बांधायची ती गाठ, सगळं क्रमाने, तपशिलासकट. अंतर्मुख सेन्सेशन बहुतेक वेळा असं बोलते. एका ट्रेकिंग करणाऱ्या मुलाने कागद बोटांत चोळून बघितला, उजेडात धरला, पंचची कड कुठे फाटलीय ते दाखवलं, ते बहिर्मुख सेन्सेशनच्या जवळ जाणारं. आणि एक बाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग एकच वाक्य म्हणाल्या की हे सगळं विश्वास नसल्यामुळे लागतं, आणि त्याच्यावरच पुढची पंधरा मिनिटं खोल खोल जात राहिल्या. हे अंतर्मुख इंट्यूशनसारखं, म्हणजे एनआय.

तर तुमचा दुसरा प्रश्न इथेच अर्धा सुटतो. एनईला बाहेरून ठिणगी लागते, एका गोष्टीतून अनेक निघतात, आणि त्या बोलता बोलता निघतात, गप्प बसवलं तर बंदच पडतं. एनआय उलट दिशेने जातं, अनेक गोष्टी आत मुरतात आणि एकच काहीतरी वर येतं, आणि ते आलं की माणूस त्याला धरून बसतो. युंगने अंतर्मुख इंट्यूशनसाठी द्रष्टे आणि कलावंत अशी उदाहरणं दिलीयत, कारण त्याचं लक्ष आतल्या प्रतिमांकडे असतं. एनईवाल्याला तुम्ही म्हणालात की यातली एकच शक्यता निवड, तर त्याला गुदमरल्यासारखं होतं. एनआयवाल्याला म्हणालात की अजून दहा पर्याय दे, तर तो वैतागतो, कारण त्याच्या मते उत्तर आलेलं असतं.

पण खरं सांगू, एनई-एनआयपेक्षा जास्त गल्लत एनई आणि एसईची होते, म्हणजे बहिर्मुख सेन्सेशनची. दोघेही उत्साही, दोघांनाही नवं हवं, दोघंही एका जागी बसत नाहीत. ओळखायची माझी खूण अशी की इच्छा कधी विझते ते बघायचं. एसईवाल्याला अनुभव हवा असतो, पॅराग्लायडिंग करायचं तर ते करायचंच असतं, आणि आवडलं तर परत परत करेल. एनईवाल्याचा उत्साह बरेचदा करायच्या आधीच संपतो, कामशेतला जायचं ठरवताना, व्हिडिओ बघताना, खर्च काढताना त्याला ते 'दिसून' जातं आणि मग प्रत्यक्ष जायचा कंटाळा येतो. हे आळशीपणासारखं दिसतं, पण कंटाळ्याचं कारण वेगळं असतं.

आता टाइपच्या अक्षरांबद्दल. युंगने सोळा टाइप दिलेले नाहीत. कॅथरीन कुक ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघी अमेरिकन बायकांनी, मानसशास्त्राची पदवी नसताना, युंगचं पुस्तक 1923 मध्ये इंग्रजीत आल्यावर त्यावर काम केलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेलने प्रश्नावली बनवायला घेतली, आणि अक्षरांच्या चार जोड्यांपैकी (ई-आय बहिर्मुख-अंतर्मुख, एस-एन सेन्सेशन-इंट्यूशन, टी-एफ थिंकिंग-फीलिंग, जे-पी निवाडा करणं-टिपत राहणं) जे-पी ही चौथी जोडी त्यांची भर. त्यांच्या पद्धतीने गेलं तर प्रत्येक टाइपमध्ये फंक्शन्सची उतरंड असते, आणि एनई हे ईएनएफपी आणि ईएनटीपी यांचं मुख्य फंक्शन, आयएनएफपी आणि आयएनटीपी यांचं दुसरं, आणि आयएसटीजे, आयएसएफजे यांचं सगळ्यात खालचं. फुकट टेस्ट फंक्शन मोजत नाहीत, त्या चार अक्षरं मोजतात आणि अक्षरांवरून फंक्शनचा हिशेब लावला जातो. म्हणजे तुमचं पी जेमतेम 52 टक्के आलं असेल आणि पुढच्या वेळी जे आलं तर कागदावर तुम्ही थेट ईएनएफजे होता, मुख्य फंक्शन बहिर्मुख फीलिंग होतं आणि इंट्यूशन बहिर्मुखची अंतर्मुख होऊन बसते. एका अक्षराने एवढी उलथापालथ. म्हणून टेस्टचा निकाल घेऊन येणाऱ्यांना मी म्हणतो की तो कागद बाजूला ठेवा, आधी तुमचं बोलू.

खालच्या फंक्शनबद्दल जरा थांबतो कारण आपल्या घरांमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. ज्यांचं एनई सगळ्यात खाली असतं त्यांनाही शक्यता दिसतात, पण ताणात असताना दिसतात आणि बहुतेक वाईटच दिसतात. मुलगा फोन उचलत नाहीये म्हणजे अपघात झाला असणार. नोकरी सोडली तर मग घराचा हप्ता, मग लग्न कसं जमणार, मग म्हातारपणी कोण. मुलगी म्हणते "आई, मी विचार करतेय की एक वर्ष ब्रेक घेऊन बघावं," आणि पुढच्या दोन मिनिटांत आईला ते वर्ष कसं कसं फसेल याची यादी दिसलेली असते. दोघीही शक्यताच बघतायत! एकीला त्यात दारं दिसतात, दुसरीला खड्डे. तुमच्या आईंचा टाइप मी इथून सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही, पण त्यांच्या 'धरसोड'मागे काळजी किती आणि खरं निरीक्षण किती हे वेगळं करून बघा. निरीक्षण असेल तर ते घ्या, कारण आपल्या खालच्या फंक्शनची कामं, म्हणजे सातत्य, तब्येत, पैशाची नोंद, हे दुसऱ्यालाच आधी दिसतं. एनई मुख्य असलेल्यांची खालची बाजू सेन्सेशन, आणि युंगने लिहिलंय की ती दुर्लक्षित राहिली की विचित्र वाटेने वर येते, शरीराबद्दल भलत्या शंका, आजाराची भीती, वगैरे. सहा महिने जेवणाखाण्याची पर्वा न करता प्रोजेक्टमागे धावायचं आणि मग एका रात्री छातीत जरा दुखलं तर गुगल करत पहाटेपर्यंत जागायचं, हे मी पुष्कळांकडून ऐकलंय. (छातीत दुखलं तर आधी डॉक्टर, टाइप नंतर, हे वेगळं सांगायला नको.)

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पूर्ण का होत नाही. एनई फक्त दाखवते, ती ठरवत नाही. ठरवायचं काम निवाडा करणाऱ्या फंक्शनचं, ईएनएफपीमध्ये ते अंतर्मुख फीलिंग, म्हणजे 'हे खरंच माझं आहे का, मला यात किंमत वाटते का', आणि ईएनटीपीमध्ये अंतर्मुख थिंकिंग, म्हणजे 'हे आतून टिकतंय का, तर्क जुळतोय का'. हे दुसरं फंक्शन आत बघून चालतं, त्याला शांतता आणि वेळ लागतो, आणि एनई त्याला तो वेळच देत नाही कारण तोपर्यंत पुढची शक्यता आलेली असते. मग होतं काय की तुम्ही एकामागून एक गोष्टी सुरू करता, त्यातली प्रत्येक छान असते, पण त्यातली तुमची कोणती हे कधी विचारलंच गेलेलं नसतं. लोक अशा माणसाला शिस्त लाव म्हणतात, टाइमटेबल कर, पहाटे पाचला ऊठ. माझ्या अनुभवात नुसत्या शिस्तीने फारसं हलत नाही, दोन आठवडे टाइमटेबलचाच उत्साह असतो आणि मग तेही एक सोडलेलं काम होतं. निवड पक्की असेल तर शिस्त बऱ्यापैकी मागून येते.

तुमचीच उदाहरणं घेऊ. पॉडकास्ट चार भागांवर थांबला. विषय कसा निवडायचा, पाहुण्याला बोलतं कसं करायचं, एडिटिंग कसं होतं, हे चार भागांत कळलं असणार, पाचवा भाग कसा होणार ते तुम्हाला आधीच दिसत होतं, म्हणून सोडला. हे सरळसरळ एनई आहे आणि यात गुन्हा काही नाही, फक्त मैत्रिणीला नीट सांगायला हवं होतं, त्यावर पुढे बोलतो. जर्मनचं मात्र मला वेगळं वाटतंय. ए-वनला मजा असते, शब्दाला शब्द जोडून लांबलचक शब्द होतात, तीन लिंगं आपल्यासारखीच आहेत म्हणून जवळची वाटतात, क्रियापद भलतीकडे जाऊन बसतं. ए-टूला डाटिव्ह नावाची विभक्ती जास्त येते, आर्टिकल्सचे तक्ते पाठ करावे लागतात, परत परत तेच. तिथे तुम्हाला जर्मनचा आवाका कळला होता का? ए-टूला कोणालाच कळत नाही. तिथे ते अवघड झालं होतं. आवाका कळल्यामुळे सोडणं आणि अवघड गेल्यामुळे सोडणं हे दोन्ही आतून अगदी सारखंच वाटतं, दोन्हीला आपण 'इंटरेस्ट गेला' म्हणतो, आणि टाइप थिअरी वाचलेली माणसं दुसऱ्याला पहिल्याचं नाव देतात. हे मी फार गांभीर्याने सांगतोय, कारण एनई हे नाव मिळाल्यावर माणूस सुटल्यासारखा होतो आणि मग प्रत्येक अवघड जागेवरून उठून जायला त्याला परवानगी मिळते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या एनईवाल्यांना मी एक वही करायला सांगतो, मोबाईलवर केली तरी चालेल. आयडियांची नाही, सोडलेल्या कामांची. कोणत्या दिवशी हात थांबला, त्या दिवशी नेमकं काय करत होतो, आणि पुढची पायरी कोणती होती. बास. पुढची पायरी 'माहीत असलेलीच परत करणं' असेल तर आवाका कळला होता. पुढची पायरी न येणारी, लाज वाटणारी, कोणीतरी चूक काढेल अशी असेल तर ते टाळणं होतं. पाचसहा नोंदी झाल्या की माणसाला स्वतःलाच दिसायला लागतं, मला सांगावं लागत नाही.

आणि बोलण्याबद्दल. एनई बोलूनच विचार करते हे वर आलंच. पण ऐकणाऱ्याला ते ठरल्यासारखं वाटतं. तुम्ही म्हणता "आपण ना दिवाळीत सगळे मिळून हंपीला जाऊ, आणि तिथून गोकर्ण, आणि मस्त होमस्टे घेऊ," तुमच्या डोक्यात ती एक सुंदर शक्यता असते आणि रात्रीपर्यंत तुम्ही विसरलेल्या असता, आणि तिकडे मावशीने सुट्टी टाकलेली असते. असं तीनचार वेळा झालं की लोक तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि हे फार दुःखाचं आहे कारण तुम्ही खोटं कधीच बोललेल्या नसता. यावर उपाय सोपा आहे, बोलायच्या आधी सांगायचं की "मी आत्ता नुसतं सुचेल ते बोलतेय, ठरवलेलं काही नाही," आणि शेवटी सांगायचं की यातलं काय धरायचं. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये तर हे नक्की करा. एका टीमचा लीड असाच होता, त्याने कॉलवर सहज म्हटलेली प्रत्येक गोष्ट पोरं कामाला लावत होती आणि आठवड्याने तो विचारायचा की हे कशाला केलं. त्याने हे एक वाक्य बोलायला सुरुवात केली आणि टीमचं अर्धं भांडण मिटलं.

कामाच्या बाबतीत म्हणाल तर सुरुवातीचे टप्पे जिथे परत परत येतात अशी कामं यांना मानवतात. बातमीदारी, नवीन क्लायंटशी बोलणं, संशोधनाचे प्रस्ताव, शिकवणं, प्रॉडक्टचं पहिलं रूप. आणि शेवट लावणारा जोडीदार हवा, आणि त्या जोडीदाराला श्रेयही हवं आणि पैसेही. हे शेवटचं बरेच लोक विसरतात.

आता एक गोष्ट अशी जी टाइपच्या ग्रुप्समध्ये बोलली जात नाही. सगळंच एनई नसतं. अगदी लहानपणापासून, घरी, शाळेत, सगळीकडेच लक्ष टिकत नसेल, मनापासून आवडणारी गोष्टसुद्धा हातून सुटत असेल, बिलं, वेळा, वस्तू सतत हरवत असतील, त्याने नोकरी आणि नाती बिघडत असतील, तर एडीएचडीची (लक्ष टिकण्यातली अडचण) तपासणी करून घ्या. डीएसएम-5 (मानसिक आजारांच्या निदानाचं प्रमाण पुस्तक) नुसार लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, म्हणून तज्ज्ञ तुमच्या आईवडिलांनाही विचारतील, शाळेची प्रगतीपुस्तकं बघतील. आणि अचानक काही दिवस झोप अगदी कमी लागतेय, तरी थकवा नाही, कल्पनांचा पूर आलाय, पैसे उडतायत, बोलणं थांबत नाही, असं स्वतःचं किंवा घरातल्या कोणाचं दिसलं तर ते एनई फुललंय म्हणून कौतुक करू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टाइप ही आवडीनिवडीची भाषा आहे, आजाराचं निदान तिच्यात बसत नाही.

आणि शास्त्रीय बाजू. रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये दाखवलं की मायर्स-ब्रिग्जची एस-एन जोडी बिग फाइव्ह या संशोधकांच्या पाच गुणांच्या मांडणीतल्या ओपननेसशी (नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा) बरीचशी जुळते. म्हणजे एन नावाचं काहीतरी खरं मोजलं जातंय. पण लोक दोन टोकांना गोळा झालेले नसतात, बहुतेक मधेच असतात, आणि मधे रेघ मारून दोन डबे केले की परत टेस्ट दिल्यावर अक्षर बदलणारच. फंक्शन्सचा तो पहिलं-दुसरं-तिसरं-चौथं असा क्रम तर पुराव्यात फारसा टिकलेला नाही. मायर्स-ब्रिग्ज टेस्टची प्रकाशक कंपनी स्वतःच सांगते की नोकरभरतीसाठी ही वापरू नका, तरी काही ठिकाणी एचआरवाले वापरतात आणि ते मला मुळीच मान्य नाही. मग मी का वापरतो? कारण घरात दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना 'तू बेजबाबदार' आणि 'तू संकुचित' म्हणत असतात, त्यांना बोलायला दुसरे शब्द मिळतात. मला तेवढं पुरतं.

अजून एक, आणि यावर मला खरंच राग येतो. टाइपच्या जगात एनवाले म्हणजे हुशार, खोल, आणि एसवाले म्हणजे साधे, असा एक सूर असतो. युंगने एकाही फंक्शनला वरचं म्हटलेलं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्डने विटेचे जास्तीत जास्त वेगवेगळे उपयोग सांगा अशा चाचण्या केल्या, त्या क्षमता मोजतात, एनई हा कल आहे, आणि कल असला म्हणजे क्षमता असतेच असं नाही. शक्यतांमध्ये रमणारी पण त्याच त्या चारपाच शक्यता फिरवणारी माणसं मी बघितलीयत. आणि तुमची बँक रोज संध्याकाळी कॅश टॅली होऊन बंद होते ती ज्यांच्या जिवावर, त्यांना कमी लेखून तुमचं काही भलं होणार नाही.

राहिला यूएक्सचा प्रश्न. नोकरी सोडायची की नाही हे टाइप सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही, पण कळेल कसं ते सांगतो. नवीन कोर्स आत्ता लावू नका, कोर्सच्या पहिल्या महिन्यात तुम्हाला सगळं आवडणारच आहे, त्यातून काही कळत नाही. ओळखीतलं एखादं छोटं दुकान, क्लास, दवाखाना बघा, त्यांच्या अपॉइंटमेंटचा किंवा ऑर्डरचा फॉर्म नीट करून द्यायचं काम घ्या, थोडे का होईना पैसे ठरवा, तारीख द्या. पहिला आठवडा भन्नाट जाईल. मग दुकानदार म्हणेल हे बटण मोठं करा, रंग आवडला नाही, जुनंच बरं होतं, आणि तोच स्क्रीन सातव्यांदा बदलावा लागेल. यूएक्सचं बरंचसं काम हेच आहे, लोकांना वापरताना बघायचं, चूक सापडली की परत तेच करायचं. त्या दिवसांत वहीत नोंद करा, हात कुठे थांबतोय आणि पुढची पायरी कोणती होती. काम दुकानदाराच्या हातात पडलं आणि लोक ते वापरायला लागले की त्यानंतर महिनाभर थांबा, दुसरं काम घेऊ नका, आणि मग बघा की त्या सातव्या बदलासकट तुम्हाला ते परत करावंसं वाटतंय का. वाटलं तर आईशी बोलायला बसा, वही घेऊन बसा, आणि किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे तो आकडाही सोबत ठेवा.